चौकातला हिशोब : वाहनांचा की माणसांचा?

एस. वाय. बी. ए. (अर्थशास्त्र)

पुण्यात कोणी कोणाकडे उशिरा पोहोचले, तर आता कारण विचारण्याची पद्धत राहिलेली नाही. 'चौकात अडकलो' एवढे म्हटले की पुरते. या अडकण्याला जबाबदार कोण, याबद्दल मात्र प्रत्येकाचे मत ठाम असते. मोटारवाला दुचाकीस्वारांना दोष देतो, दुचाकीस्वार रिक्षांना, रिक्षावाला बसला, आणि सर्व मिळून पोलिसांना व महानगरपालिकेला. उपायही तयार असतात : रस्ता रुंद करा, पूल बांधा, नियम कडक करा. एवढ्या मतांच्या गर्दीत एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कोंडी कोंडी म्हणतात ती नेमकी किती आहे, आणि ती मोजायची कशी?

मोजण्याचे प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. नेदरलँड्समधील टॉमटॉम ही नकाशे तयार करणारी कंपनी जगातील शेकडो शहरांतील प्रवासाला लागणारा वेळ मोजते. तिच्या २०२४ सालच्या यादीत पुणे जगात चौथे होते. पुण्यात दहा किलोमीटर जाण्यास सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागतात, असे तिने म्हटले. म्हणजे ताशी वेग जेमतेम १८ किलोमीटर. बऱ्यापैकी पाय मारणारा सायकलस्वार याच्या फार मागे राहत नाही! परंतु ही झाली शहराची सरासरी. हे मिनिट कुठे खर्च होतात, कोणाचे खर्च होतात, हे तिच्यातून कळत नाही. ते पाहायचे तर चौकात जाऊन उभे राहावे लागते.

हा विषय अभियांत्रिकीचा आहे, कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यात का शिरावे, असे काही वाचकांना वाटेल. त्याला माझे उत्तर असे की, मर्यादित साधनाची अनेक गरजूंमध्ये वाटणी कशी करावी, हाच अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न आहे. चौकातील हिरव्या दिव्याचे सेकंद हे असेच एक मर्यादित साधन आहे. त्याची वाटणी रोज, दर मिनिटाला, आपल्या डोळ्यांदेखत होत असते.

चौकच का अडतो?

दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात तेथील जमिनीचा तुकडा दोघांच्याही मालकीचा असतो. मधल्या भागात रस्त्याला तासातील पूर्ण साठ मिनिटे मिळतात. चौकात मात्र आलटून पालटून, म्हणजे निम्मी किंवा त्याहूनही कमी. नळाची नळी कितीही जाड असली, तरी तोटी जेवढी तेवढेच पाणी येते. त्याप्रमाणे रस्ता कितीही रुंद केला तरी त्यावरून किती वाहने जाणार, हे चौकच ठरवतो.

दुसरी गोष्ट अशी की चौकात वाटा एकमेकींना छेदतात. एकेका पदराचे दोन दुहेरी रस्ते जेथे मिळतात, अशा साध्या चार वाटांच्या चौकात वाहनांच्या मार्गांची गाठ पडण्याच्या ३२ जागा असतात. त्यांपैकी १६ ठिकाणी वाटा एकमेकींना आडव्या छेदतात, ८ ठिकाणी मिळतात आणि ८ ठिकाणी फुटतात. तेथेच गोलाकार बेट करून सर्वांना एकाच दिशेने फिरवले, तर या जागा अवघ्या ८ उरतात. मात्र त्यासाठी वर्तुळात आधी शिरलेल्याला वाट द्यायची, हा नियम सर्वांनी पाळला पाहिजे. इंग्लंडमध्ये १९६६ साली हा नियम लागू झाला आणि त्यानंतर तेथील बेटे खऱ्या अर्थाने चालू लागली. नियम न पाळल्यास बेटाभोवतीचे वर्तुळच भरून जाते आणि कोणालाच हलता येत नाही.

दिव्यांनी पाळी ठरवण्याची युक्ती आली रेल्वेकडून. १८६८ सालच्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटजवळ रेल्वेच्या धर्तीवर पहिला सिग्नल उभारण्यात आला. रात्री त्यात गॅसचे दिवे जळत. काही आठवड्यांतच, १८६९ च्या जानेवारीत, गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग थांबला. विजेचा सिग्नल १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात आला. आज चौकाचौकांत दिसणारे दिवे त्याचेच वंशज आहेत.

मोजण्याच्या रीती

चौकाचे मोजमाप तीन गोष्टींचे असते : किती वाहने आली, ती किती वेळ थांबली आणि रांग किती लांब झाली.

वाहने मोजताना प्रत्येक रस्त्यावरून डावीकडे, सरळ आणि उजवीकडे जाणारी वाहने वेगवेगळी मोजतात. चार रस्ते आणि तीन दिशा, म्हणजे एकूण बारा प्रवाह. पंधरा-पंधरा मिनिटांचे गट पाडून नोंद केली, की सर्वाधिक गर्दीचा तास कोणता हे कळते. आता पुष्कळ ठिकाणी हे काम कॅमेरे करतात. पण वही, पेन्सिल आणि पाच-पाच रेघांच्या जुड्या ही जुनी पद्धत अजूनही चालते.

येथे एक अडचण येते. सायकल एक आणि बस एक, म्हणून दोघांना सारखे कसे धरायचे? पायली आणि शेर एकाच मापात आणावे लागतात, तसेच हे. म्हणून 'पॅसेंजर कार युनिट' नावाचे माप काढण्यात आले. आपण त्याला 'मोटार-एकक' म्हणू. एका मोटारीने रस्त्याची जेवढी अडवणूक होते ती एक, आणि इतर वाहने तिच्या पटीत. १९३४ साली स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था आपल्याकडे रस्त्यांविषयीचे दंडक ठरवते. शहरातील रस्त्यांसाठी १९९० साली तिने दिलेला तक्ता असा आहे : दुचाकी ०.५ ते ०.७५, मोटार १, ऑटोरिक्षा १.२ ते २, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७, सायकल ०.४ ते ०.५, टांगा १.५ ते २ आणि हातगाडी २ ते ३. एकूण रहदारीत त्या प्रकारच्या वाहनांचे प्रमाण थोडे असेल तर लहान आकडा, जास्त असेल तर मोठा. या तक्त्याकडे आपण पुन्हा येणार आहोत, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

थांबण्याचा वेळ मोजण्याची एक युक्ती तर इतकी सोपी आहे की शाळेतील मुलांनाही जमेल. हातात घड्याळ घ्यावे. दर पंधरा सेकंदांनी एका रस्त्यावर किती वाहने उभी आहेत ते मोजून लिहावे. शेवटी सर्व आकड्यांची बेरीज करून तिला पंधराने गुणावे. समजा, पाच मिनिटांत वीस वेळा मोजले आणि बेरीज २४० आली. २४० गुणिले १५ म्हणजे ३६०० वाहन-सेकंद, अर्थात एका वाहनाचा पूर्ण एक तास वाया गेला. त्याच पाच मिनिटांत १२० वाहने पार झाली असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ३० सेकंद आले.

अमेरिकेतील महामार्ग-क्षमतेच्या नियमपुस्तकात अशा विलंबावरून चौकांना ए ते एफ अशा सहा श्रेणी दिल्या जातात. वेग कमी करणे, थांबणे आणि पुन्हा निघणे मिळून सरासरी विलंब १० सेकंदांपर्यंत असेल तर श्रेणी ए. ८० सेकंदांच्या वर गेला तर एफ, म्हणजे नापास.

हिरव्या दिव्याचे गणित

दिवा हिरवा झाला की पहिल्या दोन-तीन वाहनांना निघण्यास वेळ लागतो. त्यानंतर रांग असेपर्यंत प्रवाह एकसारखा वाहतो. हा प्रवाह किती असतो, याचे ढोबळ सूत्र असे : रस्त्याची चौकाकडील रुंदी मीटरमध्ये घेऊन तिला ५२५ ने गुणावे, तेवढी मोटार-एकके, दिवा तासभर सलग हिरवा राहिला तर, पार होतील. साडेपाच मीटर व त्याहून रुंद रस्त्यांना हे सूत्र लागू पडते. सात मीटर रुंदीला ३६७५ एकके आली.

आता समजा, सात-सात मीटरचे दोन रस्ते मिळतात आणि प्रत्येकावरून तासाला १४७० एकके येतात. १४७० भागिले ३६७५ म्हणजे ०.४. याचा अर्थ प्रत्येक रस्त्याला तासातील दहापैकी चार भाग हिरवा दिवा हवा. दोन्ही मिळून चौकाचा भार ०.८ झाला. उरलेला वेळ रंग बदलताना वाया जातो. दोन्ही पाळ्यांमध्ये मिळून असे १० सेकंद वाया जातात असे धरू.

सर्व दिव्यांची एक फेरी किती सेकंदांची असावी, याचे सूत्र ब्रिटनमधील वेबस्टर यांनी १९५८ साली मांडले. वाया जाणाऱ्या वेळाची दीडपट करावी, तीत ५ मिळवावे आणि येणाऱ्या संख्येला १ वजा भार याने भागावे. आपल्या उदाहरणात वर १५ अधिक ५ म्हणजे २० आणि खाली ०.२, फेरी आली १०० सेकंदांची.

खरी गंमत पुढे आहे. हेच गणित वेगवेगळे भार घेऊन करून पाहा.

भार ०.६ : फेरी ५० सेकंद
भार ०.७ : फेरी ६७ सेकंद
भार ०.८ : फेरी १०० सेकंद
भार ०.९ : फेरी २०० सेकंद
भार ०.९५ : फेरी ४०० सेकंद

भार १ झाला की भाजक शून्य होतो आणि सूत्रच मोडते. चौकही मोडतो. व्यवहारात फेरी साधारण दोन मिनिटांपलीकडे नेत नाहीत, म्हणजे ०.९ च्या आसपासचा चौक प्रत्येक फेरीत थोडी थोडी रांग मागे ठेवतच जातो.

या पाच ओळींत कोंडीचे बरेचसे रहस्य आहे, असे मला वाटते. ०.८ वरून ०.९ वर जाण्यास वाहने किती वाढली? आठांमागे फक्त एक. फेरी मात्र दुप्पट झाली. उलट दिशेने पाहिले तर नवांमागे एकच वाहन कमी झाले, तर फेरी निम्म्यावर येते. कोंडी वाहनांच्या प्रमाणात वाढत नाही. शेवटच्या थोड्या वाहनांनी ती एकदम फुगते. मे महिन्यात शाळा-महाविद्यालये बंद असली की रस्ते कसे मोकळे मोकळे वाटतात, याचा अनुभव प्रत्येक पुणेकराला आहे. त्या दिवसांत शहर काही रिकामे झालेले नसते. वरची साय तेवढी निघालेली असते.

उपाय : स्वस्त आणि महाग

सर्वांत स्वस्त उपाय सूत्रातच दडलेला आहे. समजा चौकाकडे येणारे दोन्ही रस्ते नऊ-नऊ मीटरचे आहेत. त्यांची क्षमता प्रत्येकी ४७२५ एकके. तेच १४७० एककांचे ओझे त्यांच्यावर टाकले तर भार ०.६२ होतो आणि फेरी सुमारे ५३ सेकंदांची पुरते. आता दोन्ही रस्त्यांच्या कडेला, चौकाच्या तोंडाशीच, मोटारींची एकेक ओळ उभी करा. दोन मीटर गेले, सात उरले, आणि फेरी पुन्हा १०० सेकंदांवर! रस्ता रुंद करायचा तर घरे, दुकाने आणि झाडे पाडावी लागतात. चौकाच्या तोंडाशी उभी असलेली वाहने हलवायला यांपैकी काहीही पाडावे लागत नाही.

दुसरा उपाय दिव्यांची सांगड घालण्याचा. दोन चौकांत ४०० मीटर अंतर असेल आणि वाहने सेकंदाला १० मीटर वेगाने जात असतील, तर दुसऱ्या चौकातील दिवा पहिल्यानंतर ४० सेकंदांनी हिरवा व्हावा. तसे झाले की पहिल्या चौकातून सुटलेला जथा न थांबता पुढे जातो. रस्त्याखालील तारांच्या वेटोळ्यांनी किंवा कॅमेऱ्यांनी वाहने ओळखून वेळ कमी-जास्त करणारे सिग्नलही आहेत. परंतु भार १ च्या जवळ गेला असेल, तर शहाण्यातला शहाणा सिग्नलही नवे सेकंद निर्माण करू शकत नाही. तो फक्त आहेत ते वाटू शकतो.

तिसरा उपाय पुलाचा. पुलाने एक छेद नाहीसा होतो, हे खरे आहे. परंतु पूल जेथे उतरतो तेथून पुढचा चौक जुनाच असतो, आणि पुलाने लवकर सुटलेली वाहने तेथे लवकर जाऊन उभी राहतात. शिवाय अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच दाखवून दिले होते की, गर्दीच्या वेळी शहरातील वेगवान रस्त्यांवरील रहदारी क्षमतेला येऊन भिडेपर्यंत वाढते. रस्ता सुखाचा झाला की दुसऱ्या वाटेने जाणारे, दुसऱ्या वेळी जाणारे आणि बसने जाणारे त्याच्याकडे वळतात. आपल्या पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० साली पाडावे लागले, कारण मेट्रो आणि नव्या दुमजली पुलाशी त्यांचा मेळ बसेना. पूल ही कायमची सोडवणूक असते असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे.

चौथा उपाय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जवळचा आहे. गर्दीच्या वेळी रस्त्यावर आलेले प्रत्येक वाहन स्वतःचा वेळ तर घालवतेच. पण मागच्या सर्वांचा थोडा थोडा वेळही घालवते. या दुसऱ्या खर्चाची किंमत तो वाहनचालक देत नाही. प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात दोन रस्त्यांचे उदाहरण घेऊन हाच मुद्दा मांडला होता. पुढे विल्यम विक्री यांनी गर्दीच्या वेळी रस्त्याला भाडे असावे, असा आग्रह आयुष्यभर धरला. १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर तीनच दिवसांत त्यांचे निधन झाले.

विचार कागदावर राहिला नाही. सिंगापूरने १९७५ साली शहराच्या मध्यभागात सकाळी येणाऱ्या मोटारींना परवाना-शुल्क लावले. लंडनने २००३ साली तेच केले. स्टॉकहोमने २००६ साली जानेवारी ते जुलै असे सात महिने प्रयोग करून पाहिला. शुल्काच्या सीमेवरून जाणारी वाहने सुमारे एक पंचमांशाने घटली आणि रांगांत जाणारा वेळ त्याहून पुष्कळ अधिक प्रमाणात घटला. वर आपण जो तक्ता पाहिला त्याचाच हा प्रत्यक्ष पडताळा होय. सप्टेंबरात लोकांचा कौल घेण्यात आला आणि २००७ पासून शुल्क कायम झाले.

मात्र सिंगापूरच्या योजनेतील एक बारीकशी तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या मोटारीत चार किंवा अधिक माणसे असतील तिला शुल्क माफ होते. बसलाही माफ होते. म्हणजे त्या योजनेने वाहनाच्या आत डोकावून पाहिले होते.

कोणाचा वेळ?

आता मोटार-एककांच्या तक्त्याकडे परत येऊ.

माझे वडील पेठेत हातगाडी ओढतात. आई चार घरची धुणीभांडी करते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तो तक्ता मी प्रथम वाचला तेव्हा, इतर कोणी शोधले नसते ते मी शोधले : माझे आईवडील त्यात कुठे बसतात? वडील लगेच सापडले. हातगाडी, २ ते ३ एकके. म्हणजे भरलेली गाडी ओढत निघालेला माणूस दोन-तीन मोटारींएवढा अडथळा. आई मात्र सापडली नाही. ती चालत जाते. चालणाऱ्याचे एकक त्या तक्त्यात नाही.

याचा राग धरण्याचे कारण नाही. तक्ता करणाऱ्यांनी रस्त्याची अडवणूक मोजली आहे, माणसाची किंमत नव्हे. पादचाऱ्यांची वेगळी मोजणी करण्याच्या आणि त्यांच्यासाठी वेगळा वेळ राखण्याच्या रीतीही अभियंत्यांकडे आहेत. पण अडवणुकीचे माप हेच एकमेव माप होऊन बसले, म्हणजे वाटणीत अन्याय होतो. तो कसा, ते आकड्यांनीच पाहू.

समजा, एका रस्त्यावर ४० मोटारी उभ्या आहेत आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस आहे. म्हणजे ६० माणसे. आडव्या रस्त्यावर २ बसगाड्या आणि १० दुचाकी आहेत. बसमध्ये ५० जण आणि दुचाकीवर सरासरी दीड, म्हणजे ११५ माणसे. वाहने मोजली तर पहिला रस्ता ४० आणि दुसरा १२. एकके मोजली तर पहिला ४० आणि दुसरा फार तर १५. हिरवा वेळ अर्थातच पहिल्याला अधिक मिळणार. माणसे मोजली तर पारडे उलटते. ११५ माणसांना ६० माणसांसाठी थांबवून ठेवले, असे दिसते. एकाच चौकात, एकाच क्षणी, फक्त मोजण्याचे माप बदलले आणि न्याय बदलला.

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी वर्गमैत्रीण महाविद्यालयाजवळच्या एका चौकात सकाळच्या गर्दीत वही घेऊन उभ्या राहत असू. एक मुलगी वाहने मोजायची, दुसरी त्यांतील माणसे. आमची मोजणी हौशी होती, म्हणून आकडे येथे देत नाही. क्रम तेवढा सांगते. वाहनांत दुचाकी पहिल्या, मोटारी दुसऱ्या, रिक्षा तिसऱ्या आणि बस अगदी तळाला. माणसांत दुचाकी पहिल्याच राहिल्या, पण तळाची बस उचलून दुसरी आली आणि मोटारी खाली गेल्या. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीने विचारले, 'अगं, चालणाऱ्यांना कुठल्या रकान्यात लिहायचं?' आमच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. आम्ही वहीच्या कडेला उभी रेघ मारून तो केला, आणि संध्याकाळपर्यंत कडेचाच रकाना सर्वांत काळा झाला.

चालणाऱ्याच्या वाट्याला काय येते तेही मोजता येते. आपल्याकडील दंडकात पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटर रुंद रस्ता ओलांडण्यास २० सेकंद झाले. निघण्याच्या तयारीसाठी आणखी ७ सेकंद देण्याची तरतूद आहे. हा वेग धडधाकट माणसाचा होय. म्हातारी माणसे, गरोदर बाई, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली यांना तो साधेलच असे नाही.

थांबण्याचे गणित तर अधिकच बोलके आहे. फेरी १२० सेकंदांची आणि त्यात चालणाऱ्यांना निघण्यास २० सेकंद मोकळे असतील, तर सहा जणांपैकी पाच जण बंद दिव्याशी येतात आणि त्यांना सरासरी ५० सेकंद थांबावे लागते. सर्वांची सरासरी सुमारे ४२ सेकंद. हीच फेरी ६० सेकंदांची केली तर सरासरी १३ सेकंदांवर येते. फेरी निम्मी, प्रतीक्षा एक-तृतीयांशाहून कमी. म्हणजे मोटारींची रांग संपवण्यासाठी आपण फेरी लांबवत जातो तेव्हा त्याची किंमत उन्हात उभा असलेला चालणारा माणूस भरतो. थांबून थांबून कंटाळला की तो वाहनांमधून वाट काढतो, आणि मग आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही!

समारोप

एवढ्या विवेचनातून माझ्या मते तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कोंडी शेवटच्या थोड्या वाहनांनी होते. म्हणून सगळ्यांनी वाहने सोडण्याची गरज नाही, नवांमागे एकाने सोडले तरी चौक श्वास घेऊ लागेल. दुसरी, ते एक वाहन तेव्हाच सुटेल जेव्हा वेळेवर येणारी बस आणि चालता येण्याजोगा पदपथ असेल. ते नसताना नुसते शुल्क लावणे म्हणजे गरिबाचा रस्ता काढून श्रीमंताला विकणे होय. आणि तिसरी, बसला आणि पायी चालणाऱ्याला वाटणीत न्याय मिळायचा असेल, तर आधी मोजणीत जागा मिळाली पाहिजे. जे मोजले जात नाही त्याच्या वाट्याला हिरवा दिवा येत नाही.

यासाठी फार मोठा खर्च नको. वाहनमोजणीच्या प्रत्येक तक्त्यात दोन रकाने वाढवावेत : वाहनातील माणसे आणि पायी जाणारी माणसे. हे काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले पथक दरवर्षी खेड्यात श्रमदानाला जाते, ते उत्तमच आहे. पण वर्षातून दोन सकाळी आपल्याच फाटकाबाहेरच्या चौकात उभे राहून, दर पंधरा सेकंदांनी मोजून, तो हिशोब महानगरपालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे पाठवला, तर तेही देशकार्यच ठरेल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आकडे जुळवावेत, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशा काढावा, मराठीच्या विद्यार्थ्यांनी अर्ज लिहावा. अर्ज असा लिहिलेला असावा, की वाचणाऱ्याला त्यातील प्रत्येक आकड्यामागे एक चालणारा माणूस दिसावा.

ज्यांना या कामात भाग घ्यायचा असेल त्यांनी पुढील सत्राच्या आरंभी अर्थशास्त्र विभागात नावे द्यावीत. घड्याळ आणि पेन्सिल प्रत्येकाने स्वतःची आणावी.